शेगडी, गॅसची (आनंद नगर, भोपाळ)

ओट्यावर ठेवून, सिलिंडरमधल्या किंवा नळाने आलेल्या गॅसवर स्वयंपाक करण्याचे साधन. मुळात शेगडी कोळशाची. कोळसा गेला, नाव राहिले. भोपाळच्या मराठी घरांत तिला ‘चूल्हा’ही म्हणतात आणि सिलिंडरला सर्रास ‘टंकी’. महाराष्ट्रात ‘गॅस’ म्हटले की शेगडीच डोळ्यांपुढे येते. भोपाळमध्ये मात्र त्या शब्दात २–३ डिसेंबर १९८४ ची रात्रही असते. त्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेले मिथाइल आयसोसायनेट आणि सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस ही दोन अगदी वेगळी द्रव्ये. साम्य एकच : दोन्हींची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरणारी. शेगडी बसवण्या-वापरण्याचे बहुतेक नियम या एका गुणातून निघालेले आहेत.

आनंद नगर ही रायसेन रस्त्यावरची वस्ती, भेलच्या वसाहतीच्या बाजूची. १९५६ मध्ये भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातले अनेक नोकरदार बिऱ्हाडासह इकडे आले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्समुळेही (आजची भेल) बाहेरगावची कुटुंबे आली. एलपीजी, म्हणजे सिलिंडरमधला गॅस, तेव्हा देशातच नवा होता. बर्मा शेलने तो पन्नाशीच्या दशकात मुंबईत ‘बर्शेन’ नावाने आणला होता; इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ १९६५ मध्ये कोलकात्यात आला.

घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस दाबाखाली द्रवरूपात असतो. मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन. द्रवाची वाफ झाली की आकारमान सुमारे अडीचशे पट होते, आणि ही वाफ हवेच्या दीड ते दोन पट जड असते. गळलेला गॅस छताकडे जात नाही. ओट्याखालच्या कपाटात, मोरीच्या खळग्यात, पलंगाखाली बसून राहतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले की ठिणगी पुरते. ती फ्रिजच्या आतली असली तरी चालते. गॅसला स्वतःचा वास नाही. सडक्या कोबीसारखा येतो तो मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मर्कॅप्टनचा. टंकी संपत आली की वास जास्त येतो, हे स्वयंपाकघरातले निरीक्षण बरोबर आहे : हे द्रव्य गॅसपेक्षा सावकाश उडते, म्हणून तळाशी उरलेल्या द्रवात त्याचे प्रमाण वाढते. त्यावर ‘संपत आली असेल’ म्हणून गप्प बसणे मात्र चूक. आधी साबणाचा फेस करून रेग्युलेटरभोवती आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावून पाहावा. बुडबुडा आला तर गळती तिथे. काडी पेटवून पाहणारे अजून आहेत.

बसवणे : सिलिंडर नेहमी उभा, जमिनीच्याच पातळीवर, आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच, दगडी ओट्यावर. ओट्याखाली कपाट केले असेल तर त्याच्या दारांना खाली भोके हवीत. सुतार हौसेने वर जाळी बसवतात. ती शोभेची, कारण गॅस खालून बाहेर पडतो. शेगडी खिडकीच्या झोतात ठेवू नये. भोपाळच्या उन्हाळ्यात दुसराच झोत असतो : बाहेरच्या खोलीतला कूलर. त्याच्या वाऱ्याने बारीक केलेली ज्योत विझते, नॉब उघडाच राहतो आणि दूध न तापता गॅस ओट्यावरून खाली उतरत राहतो. ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारी सोय असलेल्या शेगड्या मिळतात. विसराळू घरात तो जादा खर्च सार्थकी लागतो.

नळी भारतीय मानक चिन्हाची, आत तारेची जाळी असलेली नारिंगी ‘सुरक्षा’ नळीच असावी, दीड मीटरपर्यंतची, विनाजोड. तिचे आयुष्य पाच वर्षे. तारीख नळीवरच छापलेली असते. तिच्यावर फडके गुंडाळू नये : तडे आणि उंदराचे दात दिसेनासे होतात. टंकी मागच्या बाल्कनीत आणि नळी भिंतीच्या भोकातून, ही जुन्या घरांतली रचना तपासणीत चालत नाही. तिथे धातूची नळी हवी.

सिलिंडरवरचे एक अक्षरही वाचायला शिकावे. तोंडाभोवतीचे कडे ज्या उभ्या पट्ट्यांवर बसवलेले असते, त्यांतल्या एकीच्या आतल्या बाजूला ए, बी, सी किंवा डी आणि वर्ष रंगवलेले असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ही सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची मुदत; ती तिमाही उलटून गेलेली असेल तर तो घेऊ नये. सिलिंडरांच्या सुरक्षिततेचे नियमन करणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय नागपूरला आहे.

वापर : रेग्युलेटर ‘टक्’ आवाज करून बसला पाहिजे. आधी रेग्युलेटर, मग लायटर हातात, मग नॉब; उलट क्रमाने केले की तेवढ्यात साचलेला गॅस भपकन पेटतो. टंकीत किती उरले हे पाहायची घरगुती युक्ती खरी आहे : ओले फडके फिरवावे, द्रव जिथपर्यंत आहे तिथपर्यंतचा ओलावा उशिरा वाळतो. शेवटचा चहा व्हावा म्हणून टंकी आडवी करणे, किंवा थंडीत ती गरम पाण्यात ठेवणे, हे प्रकार मात्र बंदच करावेत; आडव्या टंकीतून रेग्युलेटरमध्ये वाफेऐवजी द्रव शिरतो. रायसेन रस्त्यावर इंजिनिअरिंग कॉलेजे आहेत, त्यामुळे इकडे मुलांच्या भाड्याच्या खोल्या आल्या. अशा बंद खोलीत मोठ्या टंकीतून छोटीत गॅस भरणे हा या सगळ्यांतला सर्वांत वाईट प्रकार. कंपन्यांचा पाच किलोचा सिलिंडर ओळखपत्रावर रीतसर मिळतो.

वास आला तर दिव्याचे बटण लावू नये आणि लागलेले बंदही करू नये. ठिणगी दोन्ही वेळा पडते. एक्झॉस्ट पंख्यालाही तेच लागू. नॉब आणि रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर काढून सिलिंडरला दोरीने बांधलेली टोपी घट्ट लावावी आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करावा. ही टोपी बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी हरवते.

साफसफाई : आधी रेग्युलेटर बंद, शेगडी गार. काचेच्या शेगडीवर तापलेली असताना ओले फडके फिरवले तर काच तडकू शकते. बर्नरचा पितळी माथा उचलला जातो. तो गरम पाण्यात खायचा सोडा घालून भिजवावा आणि जुन्या ब्रशने घासावा. पितळ उजळायला चिंचही चालते. छिद्रे बुजतात ती उतू गेलेल्या दुधाने आणि भरताचे वांगे भाजताना पडलेल्या सालीच्या राखेने. ती लाकडी काडीने मोकळी करावीत. खालचा जेट मात्र सुई घालून कोरू नये : भोक मोठे झाले की गॅस जास्त येतो, हवा कमी पडते, ज्योत पिवळी होते आणि पातेल्यांची बुडे काळी पडतात. पिवळी ज्योत म्हणजे अपुरे ज्वलन. बंद स्वयंपाकघरात त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. गल्लीत फिरणारे काही मिस्त्री ‘आँच बढ़ा देता हूँ’ म्हणून नेमके हेच करून देतात, आणि पहिले चार दिवस गृहिणी खूशही असते. महिनाभर बंद असलेल्या घरातल्या शेगडीत ज्योत नॉबजवळून ‘फट्’ करून पेटली, तर गॅस आणि हवा मिसळणाऱ्या नळीत कोळ्याचे जाळे किंवा झुरळ असण्याचा संभव मोठा. बर्नर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये; ओला बर्नर तडतडतो. नॉब जड झाला तर खोबरेल नको, ते जळून चिकटते. त्याला उष्णता सोसणारे ग्रीस लागते.

नळाने येणारा गॅस हा मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. तिथे वरचे झरोके उघडे हवेत आणि शेगडीचे जेट बदलावे लागतात. टंकीचा जेट ठेवला तर ज्योत मिणमिणते. इंडक्शनला यांतले काहीच लागू नाही. २००० वॉटचे यंत्र जवळजवळ ९ अँपिअर ओढते, म्हणून ते मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला नव्हे, १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावावे. आजीचे अॅल्युमिनियमचे पातेले त्याच्यावर तापत नाही.