‘संतोष’ : खाकीतील स्त्रीची कोंडी

संध्या सुरी यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘संतोष’ हा हिंदी चित्रपट मे २०२४ मध्ये कान महोत्सवात प्रथम दाखविण्यात आला. माहितीपटकार म्हणून परिचित असलेल्या सुरी यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा कथापट. दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर झालेल्या निदर्शनांचे एक छायाचित्र त्यांच्या पाहण्यात आले होते. समोर संतप्त स्त्रिया आणि त्यांना अडवणारी एक महिला पोलीस. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हते. कथेचे बीज तेथे पडले.

उत्तर भारतातील एका काल्पनिक प्रदेशात दंगलीत एक शिपाई मारला जातो. त्याची विधवा संतोष (शहाना गोस्वामी) अनुकंपा तत्त्वावर त्याच्या जागी रुजू होते. बेपत्ता दलित मुलीच्या बापाची तक्रार ठाण्यात थट्टेवारी नेली जाते. पुढे तिचा मृतदेह विहिरीत सापडतो आणि लोक खवळतात. तपास निरीक्षक गीता शर्मा (सुनीता राजवार) यांच्याकडे येतो. पुरुषांच्या त्या खात्यात गीता संतोषला जवळ करते, घडवते. पण हेच शिक्षण तिला कोठडीतील मारहाणीपर्यंत नेते आणि संशयित मुस्लिम तरुणाचा जीव जातो. ‘मर्दानी’ (२०१४) मधील पोलीस अधिकारी स्त्री अन्यायाचा निःपात करते. येथील स्त्री तो सोसते आणि करतेही. चित्रपटाचे खरे बळ यातच आहे.

कथा उत्तरेची असली, तरी महाराष्ट्राला ती परकी नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील शेवगावात १४ मे २०२३ रोजी संभाजी महाराज जयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली. शेजारच्या नेवासे तालुक्यातील सोनई येथे जानेवारी २०१३ मध्ये तीन दलित तरुणांची हत्या झाली होती. मुंबईत ११ ऑगस्ट २०१२ रोजी आझाद मैदानावरील दंगलीत तर बंदोबस्तावरील महिला पोलिसांचाच विनयभंग झाला.

ब्रिटनने ऑस्करसाठी आपली अधिकृत प्रवेशिका म्हणून हाच चित्रपट पाठविला. भारतात मात्र परीक्षण मंडळाने पोलिसी हिंसा, जातिद्वेष व स्त्रीद्वेष दाखविणाऱ्या प्रसंगांना मोठी कात्री सुचविली. ती लावल्यास चित्रपटाला अर्थच उरणार नाही, अशी सुरी यांची भूमिका राहिली. २०२५ मध्ये चित्रपटगृहांतील प्रदर्शन त्यामुळे अडले आणि १७ ऑक्टोबरला जाहीर झालेले ऑनलाइन प्रदर्शनही ऐनवेळी रद्द झाले.