पंढरपूरचे बंदिवान आणि त्यांची दप्तरे

इ. स. १८१५ च्या जुलै महिन्यात, आषाढी यात्रेच्या सुमारास, पंढरपुरास गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. गायकवाडांच्या वतीने पेशव्यांशी हिशेबाचा जुना तंटा मिटविण्याकरिता शास्त्री इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले होते, व तेथून दुसऱ्या बाजीरावाबरोबर पंढरपुरास गेले होते. खुनाचा आळ पेशव्यांचा विश्वासू कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याजवर आला. ह्या प्रकरणाचे राजकीय परिणाम सर्वश्रुत आहेत. येथे त्याचा विचार एका निराळ्याच दृष्टीने कर्तव्य आहे. पंढरपुरातील घटनेसाठी ज्याला कैद भोगावी लागली, त्या माणसाच्या कैदेची नोंद कोठे मिळते?

पंढरपुरात तर ती मिळत नाहीच. रेसिडेंट एल्फिन्स्टन याच्या आग्रहास्तव बाजीरावाने त्र्यंबकजीस प्रथम वसंतगडावर अटकेत ठेवले आणि सप्टेंबर १८१५ मध्ये इंग्रजांच्या हवाली केले. इंग्रजांनी त्यास ठाण्याच्या किल्ल्यात कोंडले. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते. देशी शिपाई फितूर होतील ही धास्ती त्यामागे असावी. पण ज्यांना कैद्याच्या मुलखाची भाषा कळत नाही असे पहारेकरी नेमल्याने भलताच परिणाम झाला. एका मोतद्दाराने घोड्याची चाकरी करीत असता मराठी गाण्यांतून बेत कळविला, आणि १२ सप्टेंबर १८१६ रोजी त्र्यंबकजी निसटला. १८१८ मध्ये तो पुन्हा सापडला व शेवटी गंगाकाठच्या चुनारच्या किल्ल्यात रवाना झाला. १८२४ मध्ये बिशप हेबर याने त्यास तेथे पाहिले आणि आपल्या प्रवासवृत्तात त्याचा उल्लेख केला. म्हणजे ह्या एका बंदिवानाचा माग काढावयाचा तर पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार, मुंबई सरकारची दप्तरे, बंगालकडील कागद आणि एका धर्माधिकाऱ्याचे प्रवासवर्णन इतके धुंडाळावे लागते. त्याजवर कोणत्याही न्यायालयात रीतसर खटला चालला नाही. त्यामुळे ज्यास शिक्षापत्र म्हणतात ते ह्या साऱ्या कागदांत शोधून सापडावयाचे नाही.

बंदिवानाची नोंद घटनास्थळी राहत नाही, ती ताब्याच्या वाटेने प्रवास करते, ही गोष्ट अभ्यासकाने प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. पेशवाईत स्वतंत्र तुरुंगखाते नव्हते. किल्ले हेच तुरुंग होते. सखारामबापू बोकिलांसारखा मुत्सद्दी कैदेत पडला तेव्हा सिंहगड, प्रतापगड आणि रायगड अशी त्याची ठिकाणे बदलली. अशा कैद्यांचा उल्लेख पेशवे दप्तरात मुख्यत्वे हुकूम आणि खर्च ह्या दोन रूपांनी आढळतो: कोणास कोणत्या किल्ल्यावर पाठविले, बेडी घालावी की न घालावी, पोटास काय द्यावे. गुन्ह्याची हकीकत त्यात एखाद्या वाक्यात आटोपते, कारण लिहिणारा कारकून हिशेबास जबाबदार होता, इतिहासास नव्हे. हे कागददेखील संशोधकांना फार काळ मोकळे नव्हते. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले रोजनिशीतील उतारे विसाव्या शतकाच्या प्रारंभी छापून निघाले, आणि गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० ते १९३४ ह्या काळात पंचेचाळीस खंड बाहेर पडले. तोपर्यंत बहुतेकांना दप्तरखान्याचे दार बंदच होते.

इंग्रजी अमलात नोंदीचा हेतू पालटला. १८९४ च्या तुरुंग अधिनियमाच्या बाराव्या कलमाने अधीक्षकावर पुढील दप्तरे ठेवण्याचे बंधन घातले: दाखल झालेल्या कैद्यांचे नोंदपुस्तक, प्रत्येकाच्या सुटकेची तारीख दाखविणारे पुस्तक, तुरुंगातील अपराधांबद्दल दिलेल्या शिक्षांचे पुस्तक, भेट देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांचे पुस्तक, आणि कैद्याकडून काढून घेतलेल्या पैशांची व जिनसांची नोंद. ह्यांपैकी सुटकेचे पुस्तक अभ्यासकांकडून सर्वांत उपेक्षिले गेले आहे. न्यायालयाच्या निकालात शिक्षा किती ठोठावली ते कळते. प्रत्यक्षात किती दिवस भोगली, सूट किती मिळाली, हे तुरुंगाच्याच पुस्तकात कळते. ह्या फरकाचे मोल पुढे किती वाढले ते लवकरच दिसेल.

तथापि सर्वच कैदी ह्या पुस्तकांच्या चौकटीत बसत नाहीत. १८२७ च्या पंचविसाव्या मुंबई रेग्युलेशनाखाली सरकार माणसास खटल्यावाचून अटकेत ठेवू शके. १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना ह्याच रेग्युलेशनाने स्थानबद्ध केले. अशा राजबंद्यांचा शोध शिक्षा झालेल्या कैद्यांच्या यादीत घेणे व्यर्थ होय. तो राजकीय व न्याय खात्यांच्या पत्रव्यवहारातच घ्यावा लागतो. बंगालच्या १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनात राजबंद्याच्या वर्तनाचा, प्रकृतीचा व सुखसोयींचा अहवाल दर सहा महिन्यांनी वर पाठविण्याची तरतूद होती. विनाचौकशी कैदेच्या कायद्यानेच कैद्याविषयी सर्वांत तपशीलवार कागद निर्माण करावेत, हा विरोधाभास खरा. पण साध्या चोराच्या प्रकृतीची विचारपूस करणारा असा अहवाल कोणी मागितला नव्हता.

पंढरपुरातील सामान्य कैद्याची स्थिती ह्याच्या अगदी उलट. यात्रेच्या गर्दीत खिसे कापणारा, बनावट नाणे खपविणारा, किंवा नुसत्या संशयावरून पकडलेला परमुलखाचा भिक्षेकरी प्रथम स्थानिक कोठडीत जाई. कच्चा कैदी असेतोवर त्याची वाट कोठडीपासून न्यायालयापर्यंतची. पक्का झाला की शिक्षेच्या मुदतीप्रमाणे सोलापूर, येरवडा अथवा अन्यत्र. नाव टिपताना बापाचे नाव व जात लिहिली जाई, पण आडनाव असेच असे नाही. इंग्रजी पुस्तकात तेच नाव दोन कारकुनांच्या हातून दोन प्रकारांनी उतरे. कोठडीच्या पुस्तकांची मुदतही अल्प. महसुली दप्तरातील ‘अ’ वर्गाचे कागद कायम, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे, ‘क’ वर्गाचे थोडी वर्षे आणि ‘ड’ वर्गाचे एकच वर्ष ठेवावयाचे, ह्या रिवाजात जमिनीचा कागद टिकतो, माणसाच्या चार रात्रींच्या कोठडीचा टिकत नाही.

ह्या उणिवेची खरी झळ लागली ती स्वातंत्र्यानंतर. तिचे मूळ मात्र १९३० च्या सोलापुरात पाहिले पाहिजे. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे रोजी शहरात गोळीबार झाला. १२ मे पासून ३० जूनपर्यंत लष्करी कायदा जारी होता. पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. हा खटला सामान्य न्यायालयांच्या मार्गाने गेला, त्यामुळे त्याचे कागद अनेक ठिकाणी पसरले व टिकले. लष्करी न्यायालयांनी झटपट दिलेल्या शिक्षांचे तसे नाही. लष्करी कायदा उठला, शिक्षा मात्र चालू राहिल्या. आणि ज्या न्यायालयाने त्या दिल्या ते न्यायालयच पुढे अस्तित्वात उरले नाही. शिवाय सत्याग्रहींना एका तुरुंगातून दुसऱ्यात हलविण्याची सरकारची पद्धत होती. साने गुरुजींचे उदाहरण घ्यावे: धुळे, त्रिचनापल्ली, पुन्हा धुळे, नाशिक. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात हरिजनांना प्रवेश मिळावा म्हणून उपोषण करणाऱ्या ह्या पुरुषाची कैद केवळ एका जिल्ह्याच्या दप्तरातून जुळविता येणार नाही. ते नामवंत होते, म्हणून त्यांच्या कैदेचा क्रम त्यांच्या सहवासातील लोकांनी लिहून ठेवला. ज्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही त्यांचा क्रम त्या पुस्तकांतच असावयाचा.

१५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांस निवृत्तिवेतन देण्याची योजना सुरू केली. तिचा मुख्य निकष सहा महिन्यांची प्रत्यक्ष कैद हा होता. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या सैनिकांसाठी तीन महिने. प्रारंभी असलेली उत्पन्नाची मर्यादा १९८० मध्ये निघाली. नेहमीच्या सुटीचा एक महिन्यापर्यंतचा काळ प्रत्यक्ष कैदेतच मोजावा, असेही ठरले. वर उल्लेखिलेले सुटकेचे पुस्तक अशा रीतीने चाळीस वर्षांनी एखाद्या वृद्धाच्या भाकरीचा प्रश्न होऊन बसले. तुरुंगाचा अथवा जिल्हाधिकाऱ्याचा दाखला आणावयाचा, आणि दप्तर नष्ट झाले असेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला आणून सहबंद्यांची प्रमाणपत्रे जोडावयाची. सरकारने स्वतःच जाळलेल्या कागदाचे ओझे कैद भोगणाऱ्याने वाहावे, ही व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही. १९९३ मध्ये मुकुंदलाल भंडारी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केवळ अर्ज उशिरा आला म्हणून हक्क नाकारू नये असे ठरविले, आणि २००१ मध्ये गुरदयालसिंग यांच्या प्रकरणात फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा अशा अर्जदाराकडून मागू नये असे सांगितले.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जेथे नोंद नाही व साक्षच पुरावा आहे तेथे खोटी साक्षही शिरते. बीड जिल्ह्यातील शेकडो निवृत्तिवेतनधारकांविषयी अशाच तक्रारी झाल्या आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती पालकर यांच्याकडे त्यांची चौकशी सोपविली. तेथील दावे निजामविरोधी लढ्यातील असून त्यांत भूमिगत राहिल्याचे दावे पुष्कळ होते. भूमिगत माणसाची नोंद कोणताच तुरुंग ठेवीत नाही, हे उघड आहे.

नोंद उघडी असावी की झाकलेली, ह्या प्रश्नाचे पंढरपुराने आणखी एक उत्तर दिलेले आहे. १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने येथे बालहत्या टाळण्यासाठी बालकाश्रम स्थापन झाला. फसलेल्या विधवेला तेथे आधार मिळे तो तिचे नाव गुप्त राहील ह्या विश्वासावर. त्याच काळी, १८८१ मध्ये, सुरतेकडील विजयालक्ष्मी ह्या विधवेस बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली व पुढे ती कमी करण्यात आली. तिचे नाव वर्तमानपत्रांतून घरोघर गेले, आणि त्या चर्चेतून ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये निघाला. एका स्त्रीस नोंद न होण्याने संरक्षण मिळाले, दुसरीच्या नोंदीने तिची बदनामी झाली आणि समाजाचा विवेकही जागा झाला. अमेरिकेच्या अनेक परगण्यांत तुरुंगातील बंद्यांची यादी कोणाही नागरिकास पाहता येते. सरकारने कोणास गुपचूप कोंडू नये हा त्यामागील विचार आहे. पण निर्दोष सुटलेल्याचे नावही त्याच यादीत जगापुढे येऊन गेलेले असते, याचा विसर पडू नये.

भारतात हा विचार निराळ्या मार्गाने आला. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेची खबर नातलगांस देणे व ती टिपून ठेवणे बंधनकारक झाले. फौजदारी प्रक्रिया संहितेत नंतर घातलेल्या कलम ४१-क ने अटक झालेल्यांची नावे जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाबाहेर फलकावर लावण्याची तरतूद केली, व १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७ व्या कलमाने प्रत्येक पोलीस ठाण्यात ह्या माहितीसाठी एक अधिकारी नेमावयास सांगितले. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमाप्रमाणे माणसाच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित माहिती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते. त्याच अधिनियमाचे कलम ८, पोटकलम ३ संशोधकांच्या विशेष उपयोगाचे आहे: वीस वर्षांपूर्वीच्या घटनेविषयीची माहिती, राष्ट्राची सुरक्षितता, विधिमंडळाचे विशेषाधिकार व मंत्रिमंडळाचे कागद ह्यांसंबंधीचे अपवाद वगळता, खाजगीपणाचे कारण सांगून नाकारता येत नाही. जुन्या कैद्याच्या नोंदीसाठी अर्ज करताना ह्याच पोटकलमाचा हवाला देणे इष्ट. अर्जात वर्ष, न्यायालय, शिक्षेचे कलम आणि संभाव्य तुरुंगांची नावे क्रमाने लिहावीत, केवळ गावाचे नाव पुरेसे नाही.

अडचण एवढीच की वीस वर्षांनी दार उघडणारा हा कायदा आणि त्याहून अल्प मुदतीत कागद नष्ट करण्यास मुभा देणारे दप्तराचे नियम एकाच कचेरीत शेजारी शेजारी नांदत आहेत.