तांडा, गाडी आणि मालमोटार : वाहकाच्या टंचाईचा एक इतिहास

१

व्यापाराचा इतिहास आपण बहुधा मालाच्या आणि मार्गांच्या अंगाने लिहितो. कापूस कोठून कोठे गेला, घाटरस्ता केव्हा झाला, लोहमार्ग केव्हा पडला, पेठ केव्हा वसली, यांच्या नोंदी सापडतात. माल उचलून नेणारा माणूस मात्र या नोंदींत क्वचितच आढळतो. तो इतिहासात डोकावतो तो बहुधा त्याच्या अनुपस्थितीमुळे. गाडी आली नाही, तांडा अडला, चालक मिळाला नाही, असे झाले म्हणजेच त्याच्यावाचून काय चालत नव्हते ते समाजाला उमगते.

प्रस्तुत निबंधाचा विषय ही अनुपस्थिती आहे. तिचा मागोवा घेण्यास दिल्लीचा परिसर विशेष सोयीचा आहे. आज ज्याला राष्ट्रीय राजधानी क्षेत्र म्हणतात त्याच्या सीमेत पानिपत आणि बागपत येतात, ट्रकचालकांचा मुलूख म्हणून ओळखला जाणारा मेवातही येतो, आणि नाशिकचा कांदा व नागपूरची संत्री जेथे पोहोचतात ती आझादपूरची मंडीही येते. मराठी माणसाचा या परिसराशी असलेला संबंध आपण रणांगणाच्या भाषेत सांगत आलो आहोत. तो रसदेच्या आणि बाजाराच्या भाषेतही सांगता येतो.

या मागोव्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. धान्याच्या व्यवस्थेत वाहक नाहीसा झाला की आधी खाणारा उपाशी राही. नाशवंत मालाच्या व्यवस्थेत तो नाहीसा झाला की आधी पिकवणारा बुडतो. टंचाई वाहकाचीच, पण तिचा भार व्यवहाराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकला आहे. हे स्थलांतर कसे घडले, हे पाहणे अगत्याचे आहे.

२

मोगल काळात उत्तरेतील धान्याची आणि मिठाची दूरची वाहतूक बंजाऱ्यांच्या तांड्यांकडे होती. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये धान्य लादलेल्या १४,००० बैलांचा एक तांडा भेटल्याची नोंद आहे. फ्रेंच जवाहीर व्यापारी ताव्हेर्निए याने १०,००० ते १२,००० बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले असून धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ असे चार जिन्नस चार निरनिराळे गट वाहत, असेही लिहिले आहे. प्रवाशांच्या आकड्यांत अतिशयोक्ती असू शकेल. पण व्यवस्थेचा आवाका त्यांवरून ध्यानात येतो.

या व्यवस्थेचे मर्म शब्दांतच दडलेले आहे. 'वणजारा' या शब्दाचा संबंध वाणिज्याशी आणि 'लमाण' या शब्दाचा संबंध लवणाशी सामान्यतः जोडला जातो. म्हणजे माल वाहणारा आणि मालाचा व्यवहार करणारा हे दोन वेगळे नव्हते. तो गावात धान्य घेई, बैलावर लादी आणि जेथे भाव असेल तेथे विकी. बैल त्याचे, मालही पुष्कळदा त्याचाच, आणि म्हणून वाटेवरच्या जोखमीबरोबर नफ्यावरही त्याचा हक्क असे. मराठी मुलखात याला जोड होती हुंडेकऱ्याची. ठरलेल्या रकमेत वाटेवरची जकात भरून माल पोहोचवण्याची जबाबदारी तो अंगावर घेई. वाहतुकीची जोखीम कोणाची, या प्रश्नाला त्या काळी निदान एक स्पष्ट उत्तर होते.

वाहकाला समाजात काही प्रतिष्ठा असल्याची साक्षही दिल्लीतच मिळते. १६७५ मध्ये गुरू तेगबहादुरांचा चांदणी चौकात शिरच्छेद झाला तेव्हा लखी शाह वणजारा याने त्यांचे धड आपल्या गाड्यांतून रायसिन्याकडे नेले आणि स्वतःच्या घराला आग लावून अंत्यसंस्कार केले, असे शीख परंपरा सांगते. आजच्या संसद भवनालगतचा रकाबगंज गुरुद्वारा त्या जागी आहे. एका मालवाहकाचे नाव राजधानीच्या मध्यभागी टिकून राहिल्याचे असे दुसरे उदाहरण सहसा आढळणार नाही.

३

पानिपतच्या पराभवाची मीमांसा पुष्कळ झाली आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हापासून त्या मोहिमेची पत्रे अभ्यासकांपुढे आहेत, त्र्यं. शं. शेजवलकरांनी मोहिमेचा सांगोपांग विचार केला. येथे प्रश्न मर्यादित आहे : भूक धान्याच्या अभावाची होती की वाहकाच्या?

भाऊसाहेबांच्या सैन्याने ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली आणि १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला. कुंजपुऱ्यात धान्यसाठाही हाती लागला. परंतु ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांचा दिल्लीशी असलेला रस्ता तुटला. लढवय्यांबरोबर बुणगे आणि यात्रेकरू मोठ्या संख्येने होते. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि दोआबातून येणाऱ्या मदतीची आशा संपली. १४ जानेवारी १७६१ रोजी सैन्य लढाईस निघाले ते उपासमारीने टेकीस आल्यावर.

दोआबात धान्य नव्हते असे मात्र नाही. अब्दालीची फौज नजीबखानाच्या आधारे त्याच बाजूने पोसली जात होती. धान्य होते; ते छावणीपर्यंत आणणारा नव्हता, कारण त्याच्या जिवाची हमी कोणी देऊ शकत नव्हते. युद्धाने मार्ग बंद केला असे आपण म्हणतो, तेव्हा मार्ग जागेवरच असतो; बंद होते ती वाहकाची त्यावरून जाण्याची तयारी. या प्रसंगी भुकेला पडला तो खाणारा. दोआबातील शेतकऱ्याने लूट, खंडणी आणि जाळपोळ पुष्कळ सोसली. परंतु केवळ तांडा आला नाही म्हणून त्याचे पीक मातीमोल झाले नाही. पेवातले धान्य थांबू शकत होते.

४

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. वऱ्हाडचा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरपर्यंत जात असे. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी जाऊ लागली आणि १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला. माल मुंबईकडे वळला. तांड्याचे दूरच्या वाहतुकीचे काम गेले. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढे निरनिराळ्या प्रांतांत बंजाऱ्यांचे अनेक गट त्याच्या कक्षेत आणले गेले. कालपर्यंत ज्याचे भटकणे ही समाजाची गरज होती, त्याचे भटकणे हाच आता संशयाचा विषय ठरला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशय रद्द होण्यास अधिक काळ लागतो.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने नव्या व्यवस्थेतील उणीव उघडी पाडली. आगगाडीने धान्य स्थानकापर्यंत येत होते. परंतु स्थानकापासून गावापर्यंत ते नेणारे बैल चाऱ्यापाण्यावाचून मरत होते. दूरचा पल्ला यंत्राने जिंकला, जवळचा पल्ला मात्र अडला. शेवटच्या काही कोसांचा हा प्रश्न अद्यापि सुटलेला नाही.

याच सुमारास शेतकरी शहराच्या भाजीबाजाराशी बांधला जाऊ लागला. महात्मा फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या ग्रंथात गाडीत माळवे भरून पुण्यास येणारा शेतकरी भेटतो. जकात आणि दलाली वजा जाता गाडीभाडेही पदरचे भरून त्याला घरी परतावे लागते. मराठी वैचारिक गद्यात वाहतुकीचा भार पिकवणाऱ्याच्या माथी पडल्याची इतकी स्पष्ट नोंद यापूर्वी क्वचितच झाली असेल. माळवे पेवात ठेवता येत नाही. भाव पडला तरी विकावे लागते, भाडे वाढले तरी द्यावे लागते. वाहकाच्या टंचाईची झळ पिकवणाऱ्याकडे सरकली ती येथून.

५

आझादपूरची मंडी १९७७ मध्ये उभी राहिली. लासलगावची बाजार समिती त्याहून तीस वर्षांनी जुनी. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे मालमोटारीचा चालक. तो बंजाऱ्याचा व्यावसायिक वारस असला तरी त्याच्या वाट्याला वारसा अर्धाच आला. गाडी बहुधा मालकाची, माल व्यापाऱ्याचा, बिल्टी वाहतूक कंपनीची. चालकाकडे उरली ती जोखीम. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ ने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीशी ज्याचा थोडाही परिचय आहे, त्याला या तरतुदीचे प्रत्यक्षातले मोल सांगावे लागत नाही.

जून २०१९ मध्ये केंद्र सरकारने चालकांसाठी असलेली आठवी उत्तीर्ण ही अट काढण्याचा निर्णय जाहीर केला. हरियाणा सरकारने मेवातच्या संदर्भात तशी विनंती केली होती आणि देशात सुमारे २२ लाख चालकांची उणीव असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. म्हणजे एकीकडे चालक नाहीत आणि दुसरीकडे चालवू शकणाऱ्यांना परवाना नाही, अशी स्थिती होती. अट काढल्याने दार मोठे झाले. परंतु आत येण्याची इच्छा का ओसरते, हा प्रश्न तसाच राहिला.

त्यानंतरच्या पाच वर्षांत टंचाईची तीन रूपे दिसली. पहिले भयाचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये, ऐन सफरचंदाच्या हंगामात, काश्मीरच्या शोपियान जिल्ह्यात परराज्यांतील ट्रकचालकांच्या हत्या झाल्या. आतल्या गावांत गाड्या जाईनाशा झाल्या आणि आझादपूरच्या वाटेवरचे फळ बागांतच अडले. दूर दक्षिणेतल्या बागाइतदारालाही समजेल असेच ते संकट होते.

दुसरे रूप एकाकीपणाचे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ढाबे, दुरुस्तीची दुकाने आणि हमालांचे अड्डे एकदम बंद झाले. कित्येक चालक गाड्या वाटेत सोडून घराकडे निघाले. सर्व प्रकारच्या मालाच्या वाहतुकीस मुभा असल्याचे खुलासे सरकारला वारंवार करावे लागले. तोपर्यंत नाशिक जिल्ह्यात द्राक्षांची तोडणी चालू होती, आणि द्राक्ष परिपत्रकाची वाट पाहत नाही. त्या वर्षी ७ ऑगस्टला देवळाली ते दानापूर अशी पहिली किसान रेल्वे सुटली. ऑक्टोबरात नागपूर-वरूड भागातील संत्री आगगाडीने दिल्लीच्या आदर्शनगर स्थानकावर येऊ लागली.

तिसरे रूप नकाराचे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मधील दुसऱ्या उपकलमाने अपघातात मृत्यू घडवून, खबर न देता निघून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. पूर्वीच्या कायद्यात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. थांबलो तर जमाव मारतो, निघालो तर कायदा मारतो, असा चालकांच्या म्हणण्याचा आशय होता. १ जानेवारी २०२४ पासून त्यांनी चाके थांबवली. मनमाडजवळच्या पानेवाडीचे इंधन टँकर उभे राहिले आणि महाराष्ट्रातील शहरांत पंपांपुढे रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी सायंकाळी दिल्लीत आश्वासन मिळाले. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा हे उपकलम वगळण्यात आले.

अशा प्रत्येक प्रसंगी हानीची वाट एकच असते. गाडी भरली जाणार नाही हे कळताच व्यापारी खरेदी आवरती घेतो, लिलाव थंडावतो आणि भाव उतरतो. शेतकऱ्याला तोडणीची मजुरी थांबवता येते, पीक थांबवता येत नाही. त्यामागून गावचे लहान धंदे अडतात : क्रेट आणि पुठ्ठ्याची खोकी पुरवणारा, प्रतवारी करणाऱ्या बाया, गावातून समितीपर्यंत माल आणणारा टेम्पोवाला, कुक्कुटखाद्याची वाट पाहणारा पोल्ट्रीवाला, खताचा दुकानदार. परतीचा माल मिळाला नाही तर रिकाम्या फेऱ्याचा खर्चही अखेरीस शेतमालाच्या भावातून वसूल होतो. उसाचेही तसेच. २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात ऊस मे महिन्यानंतरही शेतात उभा राहिला, त्यामागे क्षेत्रवाढीबरोबर तोडणी-वाहतूक टोळ्यांची कमतरता हेही कारण होते. या टोळ्यांत बंजारा तांड्यांवरून येणारी कुटुंबे पुष्कळ असतात. एकेकाळचा स्वतंत्र वाहक आता उचल घेऊन दुसऱ्याचा ऊस वाहतो.

६

वाहकाची टंचाई केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये एक लाखाहून अधिक अवजड वाहनचालकांची उणीव असल्याचे तेथील वाहतूकदारांच्या संघटनेने सांगितले. काही गोपालकांना दूध ओतून द्यावे लागले आणि सरकारला परदेशी चालकांसाठी तात्पुरते परवाने द्यावे लागले. भूमी वेगळी, तर्क तोच : नाशवंत मालाचा धनी सर्वांत आधी बुडतो.

यंत्र हा यावरचा एक उपाय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगाव परिसरातून सुमारे १,६०० टन कांदा एका आगगाडीने दिल्लीच्या किशनगंज स्थानकावर आला. अशी एक गाडी म्हणजे सुमारे ५६ ट्रकांचे काम. परंतु शेतापासून लासलगावापर्यंत आणि किशनगंजापासून मंडीपर्यंत चालक लागलाच. १८७७ चा धडा येथेही लागू पडतो. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या मालमोटारींच्या कक्षात वातानुकूलन सक्तीचे झाले. वाहकाचे शरीर धोरणाच्या विचारात आल्याची ही उशिराची खूण होय.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने यातून काय घ्यावे? पानिपतच्या पत्रांत धान्याची चणचण येते, ते आणणाऱ्यांची नावे येत नाहीत. ग्रामीण साहित्यात गाडीवान आपला असतो, ट्रकवाला बहुधा परका. आत्माराम राठोड यांच्या 'तांडा' या आत्मकथनात १९८९ मध्ये तांड्यातला माणूस स्वतः बोलू लागला, तेव्हा तांड्याचा मूळ व्यवसाय केव्हाच गेलेला होता. मालमोटारीच्या चालकाचे आत्मकथन मराठीत, मेवातीत किंवा पंजाबीत कोणत्या रूपात आहे, ते लेखी आहे की गाडीच्या फळीवर रंगवलेल्या ओळींत विखुरले आहे, हा शोध अनेक भाषांच्या अभ्यासकांनी मिळून घेण्याजोगा आहे.

टंचाई हा शब्द आपण दुष्काळाच्या परिभाषेतून उचलला, आणि त्यामुळे ती निसर्गाने आणलेली वाटते. वाहकाची टंचाई मात्र माणसांनी घडवलेली असते. व्यवसायातून मालकी गेली, प्रतिष्ठा गेली, सुरक्षितता गेली आणि जोखीम तेवढी उरली, म्हणजे माणूस त्यातून अंग काढून घेतो. त्याने काढून घेतलेले अंग कोणाच्या अंगावर पडते, हे पाहायचे असेल तर पेठेच्या दुसऱ्या टोकाला, तोडणी करून बांधावर बसलेल्या शेतकऱ्याकडे पाहावे. चालक आणि शेतकरी यांचे प्रश्न आपण दोन खात्यांत विभागून ठेवले आहेत. इतिहास ते एकाच पानावर लिहितो.