सामाईक अवयव कसा काढायचा? सातवी ते दहावीच्या पोरांसाठी

नांदूरघाट (ता. केज) : दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातली बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात, लेकरंही बरोबर जातात. सातवीच्या गणितात मसावि पहिल्या सत्रात होतो, पण त्याच्याच पुढचा भाग, म्हणजे बैजिक राशींचे अवयव, दुसऱ्या सत्रात. नेमका तोच बुडतो. मग दहावीत वर्गसमीकरणं आली की पोरगं अडतं.

जमिनीचं उदाहरण घ्या. ३३ फूट रुंदीच्या दोन पट्ट्या एकमेकींना लागून आहेत. एक ६६ फूट लांब, दुसरी ९९ फूट. दोन वेगळे गुणाकार कशाला? रुंदी सामाईक आहे, ती कंसाबाहेर काढा : ३३ × (६६ + ९९) = ३३ × १६५ = ५,४४५ चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे बरोबर ५ गुंठे.

बीजगणितातही हेच करायचं. पुस्तकात इंग्रजी अक्षर असतं, इथं क्ष धरू.

१२क्ष² + १८क्ष

आधी आकडे बघा. १२ आणि १८ चा मसावि ६. मग अक्षर बघा. पहिल्या पदात क्ष दोनदा, दुसऱ्यात एकदा. दोन्हीत असलेला तेवढाच घ्यायचा, म्हणजे एक क्ष. सामाईक अवयव ६क्ष. प्रत्येक पदाला ६क्ष ने भागून जे उरतं ते कंसात :

६क्ष(२क्ष + ३)

पडताळा सोपा. कंस परत गुणून बघा, मूळ राशी आली पाहिजे. फक्त २ किंवा ३ बाहेर काढला तर चूक नाही, पण काम अर्धवट राहतं.

पोरं हमखास फसतात ती जागा ही : ६क्ष² + ३क्ष. इथं ३क्ष बाहेर काढल्यावर दुसऱ्या पदाच्या जागी काहीच उरलं नाही असं वाटतं. उरतो १. उत्तर ३क्ष(२क्ष + १).

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) कुट्टकाचं गणित सुरू करतानाच सामाईक भाजकानं भागून घ्यायला सांगितलंय, त्याला अपवर्तन म्हणतात. युक्ती जुनीच आहे.

दहावीला मार्क जातात ते इथं : क्ष² = ५क्ष. दोन्हीकडचा क्ष उडवून पोरं क्ष = ५ लिहून मोकळी होतात. पण क्ष शून्य असला तर? शून्यानं भागता येत नाही. म्हणून सगळं एका बाजूला घ्या, क्ष² − ५क्ष = ०, आणि सामाईक क्ष बाहेर काढा : क्ष(क्ष − ५) = ०. आता उत्तरं दोन, ० आणि ५.