कारवी : आठ वर्षांनी पिकणारे झुडूप



बोरिवली, गोरेगाव, मुलुंडच्या डोंगरपायथ्याची जुनी घरे आठवून पाहा. भिंत विटांची नव्हती, कुडाची होती. कारवीच्या काठ्या उभ्या रोवायच्या, आडव्या काठ्यांनी आवळून बांधायच्या आणि वरून शेणमातीने लिंपायचे. वारल्यांची तांदळाच्या पिठाची चित्रे अशाच भिंतींवर काढली जात. काकडी, पडवळ, तोंडलीच्या वेलांनाही कारवीच्या काठीचाच आधार. तेव्हा कारवी म्हणजे नुसते रान नव्हे.

कारवी ही अडुळशाच्या कुळातली. सह्याद्रीच्या भरपूर पावसाच्या उतारांवर तिची दाट जाळी माजते. नेस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८३२ साली तिची शास्त्रात नोंद केली. पण डोंगरातल्या माणसाला तिची खरी खूण आधीपासून ठाऊक होती. ती दरवर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षे नुसती वाढते, मग एका पावसाळ्यात सगळा उतार एकदम जांभळा होतो. मधमाश्यांची चंगळ होते. बी धरले की झुडूप वाळून मरते.

असे का? दरवर्षी थोडे थोडे बी पडले असते, तर किडे, उंदीर, पाखरे यांनीच ते संपवले असते. एकाच वेळी ढीगभर बी पडले की खाणाऱ्यांचे पोट भरूनही पुष्कळ उरते.

आपल्या भागात हे रान टिकले, त्याला मुंबईची तहानही कारण आहे. शहराला पाणी देण्यासाठी १८६० साली विहार तलाव आणि १८७९ साली तुळशी तलाव पुरा झाला. तलावांभोवतीचे डोंगर पाण्यासाठी राखले गेले. त्याच रानाचे पुढे राष्ट्रीय उद्यान झाले. आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे उद्यानातून काठी तोडता येत नाही, बीही आणता येत नाही. म्हणून ज्याला कारवी हवी, त्याने ती आपल्या बांधावर, आपल्या वरकस जमिनीत लावावी.

उद्यानातली कारवी २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. या हिशेबाने पुढचा बहर २०३२ च्या सुमारास यावा. पण प्रत्येक डोंगराचे वर्ष एकच असते असे नाही. शेजारच्या डोंगराचा बहर मागेपुढे होऊ शकतो. आपल्या गावच्या डोंगराचे साल घरात लिहून ठेवा.

आता मुख्य गोष्ट ऐका. फुले ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, पण बी लगेच पडत नाही. बोंडे वाळून झाडावरच राहतात. पुढच्या जूनमध्ये पहिल्या सरीने भिजली की तडतड फुटतात आणि बी लांब उडते. मधल्या उन्हाळ्यात वणवा लागला किंवा कोयता चालला, तर काय होईल? जुनी झुडपे तर मेलेलीच, आणि बीही गेले! आठ वर्षांची पुंजी एका दिवसात जाते. उतार उघडा पडतो आणि पावसात माती वाहून जाते.

यासाठी एवढे करा :

१. बहरानंतरच्या उन्हाळ्यात आपल्या जमिनीभोवती जाळपट्टा काढा. राब भाजताना आग उताराकडे जाऊ देऊ नका.

२. लागवडीसाठी वाळलेली बोंडे एप्रिल-मेमध्ये आपल्या किंवा शेजाऱ्याच्या खाजगी जमिनीतून, विचारून घ्या. कोरड्या जागी ठेवा.

३. पावसाच्या तोंडावर ती बांधावर व उतारावर तशीच पसरा. नांगरट नको, खोल पुरू नका. पहिला पाऊस ती फोडील.

४. रोपे कोवळी असेतो तिथे गुरे सोडू नका.

५. मेलेल्या झुडपांच्या काठ्या हव्या असतील तर बी उडाल्यावरच तोडा.

बहराच्या वर्षी एक पावसाळा धीर धरलात, तर काठीही मिळेल आणि पुढच्या आठ वर्षांची कारवीही उतारावर उभी राहील.