भिंतीवरचे पानिपत आणि पांढरकवड्याची वाट

यवतमाळातील एका परिचितांच्या बैठकीच्या खोलीत पानिपतच्या तिसऱ्या लढाईचे मोठे चित्र टांगलेले आहे. काळी लाकडी चौकट, काचेआड जाड कागद आणि खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेले ‘११२/३००’. त्यांच्या शाळकरी मुलाने मला विचारले, “हा अपूर्णांक कसला?” आजचा धागा त्या प्रश्नातून निघाला आहे.

अर्थ सोपा आहे. एकूण तीनशे प्रती छापल्या, त्यांतील ही एकशेबारावी. जुन्या काळी ही मर्यादा हौसेची नव्हती, धातूची होती. चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरले जाई, त्यात शाई भरून कागद दाबला जाई, आणि प्रत्येक दाबाबरोबर पत्रा थोडा झिजे. पहिल्या प्रतींतील घोड्याची आयाळ शेवटच्या प्रतींत धूसर होई. म्हणून आधीचा क्रमांक मोलाचा. आजच्या शाईफवारी यंत्राची काहीच झीज होत नाही; पहिली आणि तीनशेवी प्रत सारखीच निघते. तेव्हा आजचा क्रमांक म्हणजे प्रकाशकाने दिलेला शब्द, एवढेच. तो शब्द वाईट नव्हे, पण त्याला पुरावा समजू नये.

आता चित्राकडे वळू. हे मूळ चित्र आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ते फैजाबाद शैलीतील असून त्याचा काळ अदमासे १७७० मानला जातो. लढाई १४ जानेवारी १७६१ ची. म्हणजे मध्ये नऊ-दहा वर्षे गेली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की फैजाबाद ही तेव्हा अवधच्या नबाबाची राजधानी होती, आणि नबाब शुजाउद्दौला त्या दिवशी अब्दालीच्या बाजूने उभा होता. (सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव यांच्या देहांना अग्नी मिळावा म्हणून खटपट करणाराही तोच. इतिहासात माणसे अशी एका खणात बसत नाहीत.) आपण ज्या चित्राकडे पाहून हळहळतो, ते जिंकलेल्यांच्या गोटात जन्मले आहे. त्यामुळे ते खोटे ठरत नाही. पण कोणाच्या नजरेने पाहत आहोत, हे ठाऊक असावे.

पुढे हे काम इंग्रजांनी अधिक पद्धतशीरपणे केले. १८०३ च्या असईच्या लढाईची छापचित्रे विलायतेत निघाली, कारण तिचा नायक वेलिंग्टन पुढे वॉटर्लूचा विजेता ठरला. मराठी माणसाच्या हाती स्वतःची चित्रे छापण्याचे साधन आले ते बरेच नंतर. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा काढली. तेथे शिळेवरून, प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा वापरून, देवादिकांबरोबर इतिहासपुरुषांचीही चित्रे छापली जाऊ लागली. ती मर्यादित प्रतींची नव्हती. उलट घरोघर जावी हाच हेतू होता. माझ्या मते भिंतीवर इतिहास लावण्याची आपली सवय मुख्यतः तेथून आली.

आणि आता यवतमाळ. या घराण्यांच्या भिंतींवर पानिपत आहे, पावनखिंड आहे. पण ज्या जिल्ह्यात त्या भिंती उभ्या आहेत, त्या जिल्ह्यातील लढाई मला कोणत्याही चौकटीत कधी दिसली नाही. ती झाली १७ एप्रिल १८१८ रोजी, पांढरकवड्याच्या परिसरात शिवणीजवळ.

पार्श्वभूमी थोडक्यात. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला लढाई पेटली, पुणे गेले, आणि दुसरे बाजीराव धावू लागले. फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले, छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. उरली आशा नागपूरकरांची. चांद्याकडे सरकून अप्पासाहेब भोसल्यांशी हात मिळवावा, असा बेत होता; पण अप्पासाहेबांना मार्चमध्येच इंग्रजांनी कैद केले होते. म्हणजे ज्या दारासाठी पेशवे धावत होते, ते आधीच बंद झाले होते. एका बाजूने डव्हटनची फौज, दुसऱ्या बाजूने कर्नल ॲडम्स. डव्हटनला चुकवण्याच्या धडपडीत पेशव्यांची फौज ॲडम्सच्या समोर आली. इंग्रजांच्या घोडतोफा आणि रिसाला यांपुढे ती टिकली नाही. उरल्यासुरल्या तोफा गेल्या, हत्ती-उंट गेले, बाजीराव निसटले. नंतर फौज विरघळतच गेली, आणि जूनच्या आरंभी ते माल्कमच्या स्वाधीन झाले. वर्षाला आठ लाखांचे निवृत्तिवेतन आणि बिठूरचा वास, असा तो शेवट.

अशा लढाईचे चित्र कोणी का काढावे? जिंकणाऱ्यांना ती किरकोळ वाटली, हरणाऱ्यांना लाजिरवाणी. कोणी बापू गोखल्यांसारखा तेथे झुंजत पडला, अशी आठवण नाही. चित्रकाराला मध्यभागी एक माणूस लागतो, आणि शिवणीचा मधला माणूस मैदानातून निघून गेलेला होता.

तरीही कोणी ते काढायला बसलेच, तर त्याने पुण्याच्या हिरव्या टेकड्या काढू नयेत. एप्रिल आहे. सागाची पाने गळून गेली आहेत, काळ्या मातीला भेगा पडल्या आहेत, नाले कोरडे आहेत. पाच महिने धावलेली घोडी हाडांवर आलेली. फौजेमागे बाजारबुणगे, बैल, बायामुले. पेशव्यांची अंबारी नको; ओझ्याखाली बसलेला, उठायला नकार देणारा एक उंट चालेल.

त्या मुलाला मी हे सारे सांगितले. त्याने पानिपतच्या शेजारची रिकामी जागा हाताने मोजून पाहिली आणि शिवणी यवतमाळहून किती लांब आहे, ते विचारले.