रोटाव्हेटरच्या पिनियनचा दाता बुडातूनच का तुटतो?

ऐन पेरणीच्या तोंडावर रोटाव्हेटर कटकट वाजायला लागतो. गिअरबॉक्स खोलला की तेलात पिनियनचा तुकडा सापडतो, आणि दाता बहुतेक वेळा बुडातून गेलेला असतो. ‘लोखंडच हलकं होतं’ असं म्हणून विषय संपतो. लोखंड हलकं असूही शकतं, पण दात्याचा आकारही तितकाच महत्त्वाचा.

दाता म्हणजे बुडाशी घट्ट रोवलेला आखूड खांब. वर जोर आला की ताण बुडाच्या कोपऱ्यात गोळा होतो. हाच विचार धरून विल्फ्रेड लुईस या अमेरिकी अभियंत्याने 1892 मध्ये दात्याच्या ताकदीचं सूत्र मांडलं, ते आजही शिकवतात. पीटीओ मिनिटाला 540 फेरे फिरत असेल, तर त्याला थेट जोडलेल्या पिनियनचा प्रत्येक दाता तासाला 32,400 वेळा दाब खातो. कोपरा टोकदार असेल तर तिथेच बारीक चीर पडते.

म्हणून दोन दात्यांमधल्या खाचेचा तळ गोलाईत ठेवतात. गोलाई जितकी मोठी, तितका ताण पसरतो. पण फार मोठी केली तर समोरचा दाता तिथे अडकतो. या ओढाताणीत नेमका आकार शोधणं, यालाच आकार सुधारणा म्हणतात. पूर्वी कटर जशी खाच पाडेल तशी घ्यावी लागे. आता संगणकावर दात्याचे हजारो बारीक भाग पाडून कुठे किती ताण येतो ते पाहतात आणि गोलाई थोडी थोडी बदलत नेतात. ट्रॅक्टरच्या डिफरन्शिअलमधले छोटे गिअर साच्यात ठोकून बनतात, तिथे हवा तो आकार देणं सोपं जातं.

दात्याच्या बाजूंना मात्र एवढी मोकळीक नाही. रिळावरचा दोरा ताणून उलगडताना त्याचं टोक जी वक्र रेघ काढतं, तोच बाजूंचा आकार, म्हणून गिअर एका लयीत फिरतात. तरी शेंडा किंचित घासून कमी करतात आणि दाता मधे जरासा फुगीर ठेवतात, म्हणजे शाफ्ट थोडा वाकला तरी भार कडेवर येत नाही. हे फरक मायक्रॉनमध्ये असतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

तुटलेला दाता फेकण्याआधी त्याचं तोंड बघा. एक भाग गुळगुळीत आणि उरलेला खरखरीत दाणेदार असेल, तर चीर बऱ्याच दिवसांपासून वाढत होती. सगळंच दाणेदार असेल तर दगडाचा किंवा असाच एकदम झटका बसलेला असण्याची शक्यता जास्त.

नवीन पिनियन घेताना खाचेच्या तळाशी नख फिरवा. धारदार कोपरा किंवा कटरचे चरे लागले तर तो पार्ट ठेवून द्या. तुटलेल्या दात्याला वेल्डिंग भरून ग्राइंडर मारणं स्वस्त पडतं खरं, पण त्या उष्णतेने वरचा कडक थर उतरतो आणि गोलाई हाताने परत येत नाही. क्राउन-पिनियन जोडीनेच बदलावेत. बसवल्यावर दात्यांना पातळ रंग लावून हाताने फिरवायला सांगा. रंगाचा ठसा दात्याच्या मध्यभागाजवळ उमटला पाहिजे. कडेला उमटला, तर मिस्त्रीकडून शिम बदलून घ्या आणि मगच तेल भरा.